मुंबईने सोडलेला कोच, ऐझॉलने जिंकलेली लीग

३० एप्रिल २०१७ला आय-लीगचा, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल फुटबॉल लीगचा, दहावा हंगाम संपला. त्या संध्याकाळचा गुणतक्ता मी अजूनही मधूनच काढून बघतो. सगळ्यात वर मिझोरामच्या राजधानीचा ऐझॉल एफसी: १८ सामने, ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, ३७ गुण. सगळ्यात खाली, दहाव्या जागी, मुंबई एफसी. वरच्या संघाचा प्रशिक्षक खालिद जमील आदल्याच हंगामात खालच्या संघाच्या बाकावर बसत होता. तिथे त्याने ओळीने सात हंगाम काढले होते.

एकाच तक्त्याची ही दोन टोकं माझ्या डोक्यातून जात नाहीत. जो माणूस मुंबईत वर्षानुवर्षं संघ वाचवत राहिला, तोच माणूस मिझोराममध्ये चार महिन्यांत विजेता कसा झाला? माणूस बदलला नव्हता, त्याची खेळवण्याची रीतही फारशी बदलली नव्हती. मग बदललं काय? हे प्रकरण मी त्या प्रश्नासाठी मांडतो आहे.

तेव्हा सगळीकडे एकच मथळा फिरत होता: ‘भारताचं लेस्टर’. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने आदल्याच वर्षी प्रीमियर लीग जिंकली होती, त्यामुळे तुलना हाताशी होती. मला ती तेव्हाही पटली नाही. लेस्टर २०१४-१५मध्ये घसरता घसरता वाचला होता. ऐझॉल वाचलाच नव्हता. २०१५-१६च्या हंगामात नऊ संघांत आठवा येऊन तो रीतसर खालच्या श्रेणीत गेला होता. नववा आलेला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स थेट प्रवेश घेऊन आला असल्याने नियमानुसार त्याला घसरणीपासून संरक्षण होतं, म्हणून कुऱ्हाड आठव्यावर पडली. ज्या हंगामात ऐझॉल विजेता झाला, त्या हंगामात तो असायलाच नको होता. तो तिथे कसा आला हे समजून घ्यायचं तर आधी गोव्याकडे जावं लागतं.

गोव्याने रिकामी केलेली जागा

आय-लीग २००७-०८मध्ये सुरू झाली. पहिल्या सहा हंगामांचे विजेते सांगतो: डेंपो, चर्चिल ब्रदर्स, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्स. सहाच्या सहा वेळा चषक गोव्यात. छोट्या राज्यातले हे क्लब, खाणमालकांच्या आणि उद्योजकांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेले. गावागावांतून, चर्चच्या मैदानांतून पोरं यायची आणि या क्लबांत मोठी व्हायची. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या डेंपोचा चेंडू जमिनीवर ठेवून चाललेला खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या काळाबद्दल मी वेगळं काही सांगायला नको.

२०१६च्या मे महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांपुढे पुढच्या वाटचालीचा आराखडा ठेवला. त्यात इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, देशाची अव्वल लीग होणार होती आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर जाणार होती. खालून वर चढायला वाट नव्हती. आयएसएलमध्ये यायचं तर फ्रँचायझीचे पैसे मोजून यायचं. ज्यांनी पन्नास-पन्नास वर्षं क्लब चालवले त्यांना हे अपमानास्पद वाटलं, आणि माझ्या मते त्यात त्यांचं काही चुकलं नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन पुन्हा वर चढायचा हक्क कमावलेल्या डेंपोनेही तेच केलं.

लीगला संघ कमी पडू लागले. चर्चिल ब्रदर्सला परत घेतलं, मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी नव्याने आले, आणि घसरलेल्या ऐझॉललाही पुन्हा जागा मिळाली. घसरण अन्यायाची आहे अशी ओरड ऐझॉलने आधीपासून चालवली होतीच, पण गोव्याची भांडी वाजली नसती तर ती ओरड कुणी ऐकली असती असं मला वाटत नाही.

म्हणजे प्रकरणाची पहिली गाठ अशी. पैशाच्या दारातून आत येण्याच्या पद्धतीला विरोध म्हणून तीन क्लब बाहेर पडले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसलेल्या क्लबने नेमकं तेच सिद्ध करून दाखवलं, जे त्या तिघांचं म्हणणं होतं.

अकरा लाखांचं राज्य

२०११च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या साधारण ११ लाख होती. आपल्या एकट्या नाशिक शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. डोंगराच्या धारेवर उभं असलेलं ऐझॉल हे सपाट जागा शोधून काढावी लागते असं शहर. तरी तिथे फुटबॉल आहे, आणि तो हौसेपुरता नाही.

ऐझॉल एफसी १९८४चा क्लब. बरीच वर्षं तो गावातल्या स्पर्धांपुरताच होता. मिझोरामचा फुटबॉल बाहेरच्यांना पहिल्यांदा दिसला तो शायलो मालसोमत्लुआंगाच्या रूपाने. कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळणारा ‘मामा’. त्याच्या मागून जेजे लालपेखलुआ आला, जो मधल्या काळात पुणे एफसीकडूनही खेळून गेला आणि पुढे भारताचा मुख्य आघाडीपटू झाला. पण एकेका मुलाने बाहेर जाऊन नाव काढणं वेगळं आणि राज्याने घरात व्यवस्था उभी करणं वेगळं. ती व्यवस्था २०१२मध्ये सुरू झालेल्या मिझोराम प्रीमियर लीगने उभी केली. आठ संघ, आणि झोनेट या स्थानिक केबल वाहिनीवर सामन्यांचं थेट प्रक्षेपण. आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा रात्री टीव्हीवर दिसतो ही गोष्ट गल्लीतल्या दहा वर्षांच्या मुलाचं काय करते, याचा हिशेब कुठल्या आराखड्यात मांडता येत नाही. दोन वर्षांत निकाल दिसला: २०१४मध्ये मिझोरामने अंतिम सामन्यात रेल्वेला ३-० हरवून संतोष करंडक ही राज्यांच्या संघांची स्पर्धा पहिल्यांदा जिंकली.

ऐझॉल २०१५मध्ये दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन आय-लीगमध्ये चढला. पुढचा, म्हणजे घसरणीचा हंगाम लोक वाईट म्हणून आठवतात. पण त्याच हंगामाच्या शेवटी हा संघ फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. गुवाहाटीत मोहन बागानने त्यांना ५-० असं धुतलं ते खरं. तरीही लीगमध्ये आठवा आणि बाद फेरीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की संघाचं दुखणं कळतं. अंगात खेळ होता. आठवड्यामागून आठवडे गुण गोळा करण्याची सवय नव्हती. धावायचे सगळे, पण आघाडी घेतल्यावर सामना थंड कसा करायचा हे सांगणारं कुणी नव्हतं.

आणि नेमकी तेवढी एकच गोष्ट ज्याला उत्तम येत होती, असा माणूस त्या उन्हाळ्यात मुंबईत रिकामा झाला होता.

कूपरेजवरची सात वर्षं

खालिद जमीलचा जन्म १९७७चा, कुवेतमधला. पण फुटबॉलच्या दृष्टीने तो पुरता मुंबईचा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी अशी त्याची खेळाडू म्हणून वाट. ही नावं आज वाचताना मला वाईट वाटतं, कारण महिंद्रा युनायटेडने २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती आणि चार वर्षांनी कंपनीने संघच बंद केला. खालिद मधल्या फळीत खेळायचा, भारताकडूनही खेळला, दुखापतींनी त्याची कारकीर्द लवकर आटोपली. २००९मध्ये मुंबई एफसीने त्याला प्रशिक्षक केलं तेव्हा तो पुरता तेहतिशीचाही नव्हता.

मुंबई एफसी हा मोठ्या खर्चाचा संघ कधीच नव्हता. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं तेव्हा तर त्यांना घरचे सामने पुण्यात, बालेवाडीला जाऊन खेळावे लागायचे. मुंबईचा संघ, घरचं मैदान एक्स्प्रेसवेच्या पलीकडे! तेव्हा गॅलरीत ओळखीचे चेहरे मोजता यायचे. अशा संघाला खालिदने सात हंगाम वरच्या श्रेणीत टिकवून धरलं. त्याचा खेळ सरळ होता: आधी मागचं दार लावा, मधल्या फळीत जागा सोडू नका, कॉर्नर-फ्रीकिकवर मन लावून काम करा, एक गोल झाला की तो जपा. बरोबरी ही त्याच्या संघाला शिव्या खायला लावणारी गोष्ट होती. मीही त्या शिव्या दिल्या आहेत. कूपरेजच्या पायऱ्यांवर बसून, शून्य-शून्यकडे चाललेल्या सामन्यात सत्तराव्या मिनिटाला ‘पुढे जा की रे’ म्हणून ओरडलो आहे.

२०१६मध्ये क्लबने त्याला मोकळं केलं. बाहेरून बघताना तो निर्णय समजण्यासारखा होता, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. सात वर्षांत वर सरकलो नाही, नवं काही करू, असं कुठल्याही व्यवस्थापनाला वाटू शकतं. चूक अशी झाली की संघ ‘फक्त टिकतो’ याचं श्रेय त्यांनी शून्य धरलं. पुढच्या हंगामात संतोष कश्यप आले, मग मध्येच त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले, आणि टिकणं म्हणजे काय असतं ते एप्रिलपर्यंत सगळ्यांना कळलं. संघ शेवटचा आला, खाली गेला, आणि काही काळातच क्लब बंद झाला.

जोडणी

खालिद ऐझॉलला गेला तो हंगामाच्या तोंडावर. क्लबचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयते यांच्याकडे मोठी तिजोरी नव्हती. त्या वेळच्या बातम्यांत संघाचा खर्च दोन कोटींच्या आसपास सांगितला जायचा, आणि कोलकात्याचे दोन मोठे क्लब, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, किंवा बंगळुरू याच्या कितीतरी पट खर्च करत होते.

पण त्या वर्षी वेळापत्रकाने एक सोय करून ठेवली होती. आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आय-लीग ७ जानेवारी ते ३० एप्रिल. आयएसएलमध्ये जागा न मिळालेले किंवा बाकावर बसून कंटाळलेले खेळाडू जानेवारीत मोकळे व्हायचे. खालिदने महागडं कुणी शोधलं नाही, ओळखीचं शोधलं. मुंबईत वाढलेला जयेश राणे आला. मुंबई एफसीत खालिदच्या हाताखाली तयार झालेला उजव्या बगलेचा आशुतोष मेहता आला. गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. तिघांनाही स्वतःला सिद्ध करायची घाई होती, आणि हा कोच काय मागतो हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेला माणूस ड्रेसिंग रूममध्ये असणं ही त्या घाईच्या हंगामात फार मोठी गोष्ट होती. चार आठवड्यांच्या सरावात बाकीचे कोच नावं पाठ करत असतात.

परदेशी चारच घेता यायचे, त्यांतला एक आशियाई. मोठे क्लब इथे पैसा ओततात. ऐझॉलने घेतलेले चौघे असे: मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन, मागे नायजेरियाचा किंग्सली ओबुम्नेमे, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. या निवडीत मला खालिदची सगळी समज दिसते. मिझो मुलांकडे वेग होता, दम होता, बगलेवरून जाण्याची ओढ होती. त्यांच्याकडे उंची कमी होती आणि चेंडू पायाखाली धरून सामन्याचा श्वास मोजणारं कुणी नव्हतं. मग परदेशी जागा नेमक्या त्याच ठिकाणी भरल्या: मागे एक उंच धिप्पाड माणूस, मधे एक झाडू मारणारा, आणि एक शांत डोक्याचा. अल-अमना चेंडू घ्यायचा, थांबायचा, मान वळवून बघायचा. त्याच्या त्या दीड सेकंदात लालरुआत्थारा, लालरामचुल्लोवा, ब्रँडन वानलालरेम्डिका, लालदानमाविया ही पोरं आपापल्या जागी पोचलेली असायची.

मुंबईत खालिदकडे हा दुसरा भाग नव्हता. तिथे त्याला बचावाची शिस्त लावता यायची, पण दार लावल्यावर उलट धावून जाणारी पोरं दर वर्षी बाहेरून, मिळतील तशी आणावी लागायची. ऐझॉलमध्ये ती घरातच तयार होती, एका बोलीची, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी. त्यांना कमी होती ती शिस्तीची. दोन अर्धवट गोष्टी एकमेकींना मिळाल्या. मी विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

२४ गोलांचा विजेता

आता आकडे नीट बघू, कारण ‘परीकथा’ म्हणणारे आकडे बघत नाहीत. पहिल्या चार संघांचे केलेले गोल असे: ऐझॉल २४, मोहन बागान २७, ईस्ट बंगाल ३३, बंगळुरू ३०. चौघांत सगळ्यात कमी गोल विजेत्याचे! खाल्लेले गोल ऐझॉल १५, बागान १२, ईस्ट बंगाल १५, बंगळुरू १५. म्हणजे बचावातही ऐझॉल पहिला नाही. गोलफरक धरला तर ऐझॉल अधिक ९, आणि त्याच्या खालचे तिघे अधिक १५, अधिक १८, अधिक १५.

मग ३७ गुण आले कुठून? ईस्ट बंगालने ३३ गोलांत १० विजय मिळवले, ऐझॉलने २४ गोलांत ११. एकाच सामन्यात चार गोल घातले तरी गुण तीनच मिळतात. खालिदचा संघ चौथ्या गोलाच्या मागे लागला नाही. जे मुंबईत आम्हाला कंजूषपणा वाटायचं, ती इथे काटकसर ठरली. फरक एवढाच की मुंबईत तो एक गोल पडायचा नाही म्हणून बरोबरी व्हायची, आणि ऐझॉलमध्ये तो पडायचा.

बाकीच्यांनीही थोडा हातभार लावला, तेही सांगायला हवं. बागान आणि बंगळुरू दोघेही त्याच काळात आशियाई क्लबांच्या एएफसी कपमध्ये, एकाच गटात खेळत होते. मालदीव आणि ढाक्याचे प्रवास आणि लीग असं दुहेरी ओझं त्यांच्यावर होतं. ईस्ट बंगालने सुरुवात जोरात केली आणि मग पाय घसरले, एप्रिलमध्ये ट्रेव्हर मॉर्गन यांनी प्रशिक्षकपद सोडलं. आणि १८ सामन्यांचा हंगाम लहान असतो. ३८ सामन्यांत पैसेवाल्यांचा लांबलचक बाक कामाला येतो, १८मध्ये चौदा-पंधरा माणसं नीट राहिली तरी भागतं. हंगाम दुप्पट असता तर ऐझॉल टिकला असता का? मला शंका आहे. पण नियम सगळ्यांना सारखेच होते, आणि त्या नियमांत कोण बसतं हे ओळखणं हाही खेळाचाच भाग आहे.

दोन सामने

२२ एप्रिल, शनिवार. मिझोराममध्ये रविवारी सामने होत नाहीत, रविवार चर्चचा. दोन्ही संघांचा हा सतरावा सामना, दोघांचे ३३ गुण, गोलफरकावर बागान वर. ऐझॉलचं राजीव गांधी स्टेडियम, कृत्रिम टर्फ, चारी बाजूंना डोंगर. बागानकडे सोनी नोर्दे, कात्सुमी युसा, डॅरिल डफी. आणि जेजे, मिझोरामचाच मुलगा, मिझोरामच्या स्वप्नाविरुद्ध.

बागानला हरायचं नव्हतं, ऐझॉलला घाई करायची नव्हती. ऐंशी मिनिटं तसंच चाललं. ८३व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्ते वर उठला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. १-०. सात वर्षं कूपरेजवर ज्या प्रकारच्या गोलाची आम्ही वाट बघत बसायचो, अगदी तसाच तो गोल: उशिरा, हवेतून, बचावपटूचा. तो सामना मी घरी टीव्हीवर बघत होतो. गोल झाल्यावर मी आनंदाने उठून उभा राहिलो, आणि लगेच मनात आलं, हा आपला कोच होता.

शेवटचा सामना ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये, शिलाँग लाजाँगविरुद्ध. तो मात्र रविवारीच होता. ऐझॉलला एक गुण पुरे होता. त्याच वेळी कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. ऐझॉलचे चाहते सिलचरमार्गे डोंगरातल्या रस्त्याने गाड्या भरभरून शिलाँगला आले होते.

नवव्या मिनिटाला लाजाँगच्या असेर पिएरिक डिपांडाने गोल केला. त्या हंगामात ११ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरलेला हा खेळाडू. आणि मग पुढची जवळजवळ साठ मिनिटं ऐझॉल मागे होता. त्या साठ मिनिटांत एका गोलाला जपणारा संघ समोर होता आणि पाठलाग ऐझॉलला करायचा होता, म्हणजे खालिदच्या संघाला जे सर्वांत कमी जमायचं, तेच. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. पुढची तेवीस मिनिटं मात्र खालिदच्या हातखंड्याची होती. एक निकाल हातात आहे, तो सोडायचा नाही. त्यांनी सोडला नाही. बागानने चेन्नईला २-१ हरवलं, त्यांचे ३६ गुण झाले, आणि एका गुणाने लीग मिझोरामला गेली. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

लेंगपुई विमानतळापासून शहरात येणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. त्या स्वागताची छायाचित्रं मी कितीदा तरी पाहिली आहेत. म्हाताऱ्या बायका, शाळेचे गणवेश, आणि उघड्या गाडीवर थोडासा अवघडलेला खालिद.

विजेत्याची जागा

चषक मिळाला, पण पुढच्या वर्षी आपण नेमक्या कुठल्या श्रेणीत आहोत हे विजेत्यालाच ठाऊक नव्हतं. आयएसएलला वरचं स्थान देण्याची बोलणी चालूच होती. मे महिन्यात रॉयते यांनी महासंघाला कळवलं की देशाच्या विजेत्याला अव्वल श्रेणीतून वगळणार असाल तर आम्ही आमरण उपोषणाला बसू. गतविजेत्या संघाच्या मालकाने उपोषणाची भाषा करावी लागणं, यावरून त्या वेळची अवस्था कळते. शेवटी जूनमध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघासोबत बैठका झाल्या आणि दोन्ही लीग समांतर चालवायचा तोडगा निघाला. बंगळुरू एफसी आय-लीग सोडून आयएसएलमध्ये गेला. जमशेदपूरचा नवा संघ तयार झाला आणि तोही आयएसएलमध्ये आला. ऐझॉल होता तिथेच राहिला.

संघ मात्र राहिला नाही. खालिद ईस्ट बंगालला गेला, अल-अमना, ब्रँडन आणि लालरामचुल्लोवाही तिकडेच. कामो आणि किंग्सली मोहन बागानला. अल्बिनो दिल्लीला, आशुतोष कोलकात्याच्या एटीकेत. जयेश राणे चेन्नईयिनमध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यासोबत आयएसएल जिंकला. लालरुआत्थारा केरला ब्लास्टर्सला गेला आणि २०१७-१८च्या आयएसएलमध्ये सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. २३ जानेवारी २०१८ला ऐझॉल इराणमध्ये झोब अहानविरुद्ध एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचा सामना खेळला. प्रशिक्षक पोर्तुगालचे पावलो मेनेझेस, आणि विजेत्या अकरांपैकी फार थोडे अंगावर तो लाल शर्ट घालून उभे होते. ३-१ असे हरले. सतत चढाई करणाऱ्या इराणी क्लबविरुद्ध तो निकाल लाजेचा नव्हता, पण त्या मैदानावर आदल्या वर्षीचा संघ उतरला असता तर काय झालं असतं, हा विचार त्या दिवशी आला.

महाराष्ट्राचं सांगायचं तर, २०१७-१८च्या आय-लीगच्या दहा संघांत आपला एकही नव्हता. मुंबई एफसी संपला, डीएसके शिवाजियन्सही यादीत नव्हता. पुणे एफसी आणि भारत एफसी त्याआधीच गेले होते. पुन्हा नाव दिसलं ते २०२१-२२मध्ये, मुंबईच्या केंकरे एफसीचं. मला यात एक गोष्ट विशेष टोचते. लालियानझुआला छांगटे, आज ज्याला मुंबई सिटीचा म्हणून आपण ओळखतो, तो मिझो मुलगा त्या काळात पुण्यात डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत घडत होता. म्हणजे शिकवण्याची जागा आपल्याकडे होती, मैदान होतं, प्रशिक्षक होता. मालकाचं मन फिरलं तरी क्लब चालू ठेवणारी माणसं नव्हती. ऐझॉलमध्ये रॉयते उद्या थकले तर कुणीतरी दुसरा उभा राहील, कारण शहर उभं आहे.

खालिद पुढे नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूरकडे आयएसएलमध्येही प्रशिक्षक झाला, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक. पहिल्याच मोहिमेत, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये, भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. निर्धारित आणि जादा वेळेत १-१. तो सामना बघताना माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने विचारलं, ‘हा असाच खेळतो का रे नेहमी?’ मी म्हटलं, ‘सात वर्षं कूपरेजवर असाच खेळत होता.’

आणि खालून वर जाण्याची वाट? ती आय-लीगच्या विजेत्यासाठी २०२२-२३मध्ये उघडली. राउंडग्लास पंजाब त्या वाटेने पहिल्यांदा आयएसएलमध्ये गेला, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. ऐझॉलच्या विजेतेपदाला तोवर सहा वर्षं झाली होती. ऐझॉल अजून आय-लीगमध्येच होता, आणि संघात बहुतेक पोरं मिझोच होती.